आज्ञाधारक घर

अमेरिकेंतील विस्कॉन्सिन राज्यांत व्हाइटवॉटर नांवाचें एक लहानसें गांव आहे. तेथील अध्यापन-विद्यालयांत १८८० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत वॉरन जॉन्सन नांवाचे प्राध्यापक शिकवीत असत. त्या मुलखांतील हिवाळा मोठा कडक. विद्यालय ऊबदार ठेवणारी भट्टी तळघरांत होती, आणि ती सांभाळणाऱ्या माणसाला वरच्या खोल्यांत ऊब किती झाली हें कळण्याचा एकच मार्ग होता : जिने चढून वर यावें, चालू वर्गाचें दार उघडावें, भिंतीवरचा उष्णतामापक पाहावा, आणि पुन्हां खालीं जाऊन झडपा कमीअधिक उघडाव्या. वर्ग शिकविण्याचा ज्यांना अनुभव आहे त्यांना, ऐन विवेचनाच्या भरांत दार करकरलें म्हणजे काय होतें, हें सांगावयास नको. जॉन्सन यांनीं यावर एक उपाय काढला. खोलींतील उष्णता नेमलेल्या मर्यादेबाहेर गेली कीं तळघरांत विजेची घंटा वाजावी, अशी त्यांनीं योजना केली, आणि १८८३ सालीं तिचें पेटंट घेतलें.

हांक ऐकून दिवा लागणें, कचेरींत बसून घरचें दार बंद झालें कीं नाहीं हें पाहणें, दारावरच्या घंटेनेंच आलेल्या पाहुण्याचें चित्र परगांवीं गेलेल्या यजमानास दाखविणें, हे प्रकार आतां मुंबई-पुण्याच्या घरांतही नवलाचे राहिलेले नाहींत. या सर्व वस्तूंचा वंशवृक्ष शोधूं गेल्यास त्याच्या मुळाशीं जॉन्सन यांची ही घंटा सांपडते. तिची एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. ती स्वतः कांहींच करीत नसे. झडप उघडणें वा मिटणें हें काम माणसाकडेच होतें. घंटा केवळ वार्ता देई, आणि ती वार्ता वरच्या मजल्यावरून निघून तळघरापर्यंत जाऊन तेथेंच संपे. घरांतील तारांतून आजवर दोनच गोष्टी वाहत आल्या आहेत, एक आज्ञा आणि दुसरी वार्ता. त्या कोणाकडून निघाल्या आणि कोणाकडे पोंचल्या, याचा मागोवा घेतला म्हणजे आज्ञाधारक घराचा सारा इतिहास उलगडतो.

जॉन्सन यांच्या घंटेनंतर दोनच वर्षांनीं, १८८५ सालीं, मिनिॲपोलिस शहरांत आल्बर्ट बुट्झ नांवाच्या संशोधकानें पुढचें पाऊल टाकलें. बुट्झचा जन्म स्वित्झर्लंडमधला. खोली थंड झाली कीं विजेचें मंडल पूर्ण व्हावें, त्यासरशीं एका लहान चालकयंत्रानें अर्धा फेरा घ्यावा, त्याला बांधलेल्या साखळीनें भट्टीची हवेची झडप उचलावी, आणि विस्तवानें जोर धरावा. खोली तापली कीं उरलेला अर्धा फेरा होऊन झडप पुन्हां मिटावी, अशी ही रचना होती. येथें माणूस मधून निघून गेला. वार्ता आणि आज्ञा यांची गांठ परस्परच पडूं लागली, परंतु दोघीही एकाच छपराखालीं नांदत होत्या. बुट्झच्या कंपनीचे हस्तांतर होत होत तिचें पुढें हनीवेल या प्रसिद्ध संस्थेंत रूपांतर झालें. १९०६ सालीं या नियंत्रकाला घड्याळाची जोड मिळाली, म्हणजे रात्रीं निजतांना घर थंड होऊं द्यावें व पहाटे उठण्यापूर्वीं तें आपोआप तापावें, अशी सोय झाली. १९५३ मध्यें हेन्री ड्रायफस या कलावंताच्या आकृतीप्रमाणें बनलेलें हनीवेलचें वाटोळें यंत्र अमेरिकेच्या असंख्य भिंतींवर चढलें. त्याच्या मालकाला त्याविषयीं कधीं विचार करावा लागला नाहीं, आणि यंत्राला याहून मोठें प्रशस्तिपत्र मिळणें कठीण.

बाहेरचा हात घरांत शिरला तो निराळ्याच वाटेनें. न्यूझीलंडमध्यें १९५० नंतरच्या दशकांत वीज पुरविणाऱ्या मंडळांनीं एक पद्धति रूढ केली. नेहमींच्या प्रवाहावरच निराळ्या कंपनाचा एक संकेत सोडावयाचा, आणि तो पोंचतांच घरोघरचे पाणी तापविण्याचे बंब कांहीं वेळ बंद व्हावयाचे. संध्याकाळीं साऱ्या गांवाचे स्वयंपाक एकदम सुरू झाले कीं विजेची तंगी पडे; ती अशा रीतीनें निभावून नेत. ग्राहकाला याबद्दल स्वस्त दर मिळे, आणि टांकींतलें पाणी तापलेलें असल्यानें बहुधा त्याला पत्ताही लागत नसे. तेव्हां आपल्या घरावर परक्याची आज्ञा चालणें ही गोष्ट दिसते तितकी नवी नाहीं. मात्र या व्यवहारांत वार्तेला परतीची वाट नव्हती. बंब बंद करणाऱ्या अधिकाऱ्याला त्या घरीं कोण राहतें, कोण केव्हां नाहतें, यांतलें कांहीं म्हणजे कांहीं कळत नसे.

गणकयंत्र घरांत आलें तें मात्र एका हौशी माणसामुळें. वेस्टिंगहाउस कंपनींतील जिम सदरलँड या अभियंत्यानें १९६६ च्या सुमारास कंपनीनें टाकून दिलेले भाग जमवून पिट्सबर्ग येथील आपल्या राहत्या घरीं एक गणकयंत्र उभें केलें, आणि त्याचें नांव ‘एको-फोर’ ठेवलें. वजन सुमारें ८०० पौंड, म्हणजे साडेतीनशें किलोहून अधिक. त्याचीं चार कपाटें तळघरांत उभीं होतीं. कोठारांत कोणता जिन्नस किती उरला आहे याची यादी ठेवणें, खोल्याखोल्यांतील घड्याळें चालविणें, टेलिव्हिजनवर ताबा ठेवणें, अशीं कामें त्याच्याकडे सोंपविलीं होतीं. सदरलँड यांच्या पत्नी रूथ यांचा संसार या यंत्राच्या संगतीनें चाले, आणि वृत्तपत्रकारांना त्याचें मोठें कौतुक वाटे. जिन्नसांची यादी यंत्रांत भरण्याचें काम मात्र कोणाला तरी हातानेंच करावें लागे. आणि कोठारांतल्या डब्यांशीं रोजचा संबंध घरांत कोणाचा येतो, हें कोणत्याही गृहिणीला विचारावें.

याच प्रश्नाचें हास्यास्पद टोंक १९६९ सालीं गांठलें गेलें. नीमन मार्कस या अमेरिकन पेढीच्या नाताळच्या सूचिपत्रांत त्या वर्षीं हनीवेलचें ‘स्वयंपाकघराचें गणकयंत्र’ झळकलें. ज्या कंपनीच्या पूर्वजानें भट्टीच्या झडपेला साखळी बांधली, तिचेंच हें अपत्य. किंमत सुमारें दहा हजार डॉलर. त्या काळीं तेवढ्यांत अनेक मोटारी आल्या असत्या. यंत्रावर भाजी चिरण्याची एक फळी बसविलेली होती, आणि त्याच्या पोटांत पाककृति सांठविण्याची सोय होती. परंतु त्याच्याशीं बोलावयाचें तें बटणें वर-खालीं करून, द्विमान पद्धतीच्या आंकड्यांत. आणि त्याचें उत्तर वाचावयाचें तें लुकलुकणाऱ्या दिव्यांवरून. ही भाषा शिकण्यासाठीं दोन आठवड्यांचा वर्ग किंमतींतच धरलेला होता. यांतील एकही यंत्र कोणी विकत घेतल्याची नोंद नाहीं. रूथ श्वार्ट्झ कोवन या इतिहासकर्त्रीनें १९८३ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत असें दाखवून दिलें कीं, चूल, धुलाईयंत्र, झाडूयंत्र इत्यादि साधनांनीं घरकामाचे कष्ट हलके झाले, पण गृहिणीचे तास कांहीं कमी झाले नाहींत. पुरुषांचीं आणि मुलांचीं कामें मात्र यंत्रांनीं उचललीं, आणि स्वच्छतेची व चवीची अपेक्षा वाढत गेली. हें गणकयंत्र विकलें न जाण्याचें कारण शोधण्यास त्यामुळें फार लांब जावें लागत नाहीं.

सामान्य माणसाच्या आवांक्यांतलें पहिलें साधन अमेरिकेंत जन्मलें नाहीं. स्कॉटलंडमधील ग्लेनरॉथीस या नव्या वसाहतींत पिको इलेक्ट्रॉनिक्स नांवाची एक लहान कंपनी होती. तिनें १९७५ सालीं आपला दहावा प्रयोग हातीं घेतला, म्हणून त्या पद्धतीचें नांव ‘एक्स-टेन’ पडलें. घरांत नव्या तारा ओढण्याची गरजच नको. भिंतींतून विजेच्या ज्या तारा आधींच फिरत आहेत त्यांवरूनच बारीक संकेत पाठवावे, ही यांतील युक्ति. प्रत्येक घराला १६ अक्षरांपैकीं एक अक्षर, प्रत्येक दिव्याला १६ आंकड्यांपैकीं एक आंकडा, म्हणजे एकूण २५६ पत्ते. १९७८ पासून ही साधनें अमेरिकेच्या दुकानांतून विकूं लागलीं, आणि अंथरुणांत पडल्यापडल्या अंगणांतला दिवा मालवण्याचें सुख मध्यमवर्गाच्या वांट्याला आलें. हे संकेत मोठे मनमोकळे होते. एकाच रोहित्रावर दोन शेजाऱ्यांचीं घरें असलीं व दोघांनींही तेंच अक्षर निवडलेलें असलें, तर एकाच्या बटणानें दुसऱ्याचा दिवा लागे. शिवाय आरंभीच्या या पद्धतींत दिव्याकडून उलट निरोप नव्हता. दिवा लागला कीं नाहीं, हें बटण दाबणाऱ्यास डोळ्यांनींच पाहावें लागे. आज्ञा घराच्या तारांवर फिरे, फार तर शेजारीं जाई. वार्ता मुळींच नव्हती.

वार्तेचें तंत्र वाढलें तें घराबाहेर, आणि गंमत अशी कीं खाण्यापिण्याच्या आळसापोटीं. पिट्सबर्गच्याच कार्नेगी मेलन विद्यापीठांत १९८० नंतरच्या आरंभींच्या वर्षांत गणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांनीं कोकाकोलाचें यंत्र विद्यापीठाच्या गणकयंत्राला जोडलें. कोणत्या रांगेंत बाटली आहे, आणि ती आंत ठेवून तीन तास होऊन गेल्यानें पुरेशी थंड झाली आहे कीं नाहीं, हें जागेवर बसून कळावें, एवढाच हेतु. १९९० सालीं जॉन रोमकी यानें एका प्रदर्शनांत इंटरनेटवरून चालणारी पाव भाजण्याची शेगडी मांडली; पाव मात्र हातानें घालावा लागे, म्हणून पुढच्या वर्षीं त्यासाठीं एक चिमुकली यारीही बसविण्यांत आली. केंब्रिज विद्यापीठाच्या गणकयंत्र-शाळेंत १९९१ सालीं कॉफीच्या भांड्यासमोर कॅमेरा लावण्यांत आला, कारण दूरच्या खोल्यांतले संशोधक जिने उतरून यावे आणि भांडें रिकामें निघावें, असें वारंवार होई. १९९३ मध्यें तें करडें, अंधुक चित्र जगभर पाहतां येऊं लागलें, आणि लाखो लोकांनीं तें पाहिलें. २००१ सालीं कॅमेरा बंद झाला. भांडें लिलावांत ३,३५० पौंडांना एका जर्मन वृत्तपत्रसंस्थेनें घेतलें. त्या भांड्याच्या चित्रावरून कोणाचेंही खासगी कांहीं उघड होत नव्हतें. कॉफी आहे किंवा नाहीं, एवढेंच.

या खेळकर प्रयोगांच्या काळांतच मार्क वायझर या शास्त्रज्ञानें १९९१ सालीं एक लेख लिहून, गणकयंत्र हें भिंती, वस्तु, कपडे यांत विरून जाईल आणि माणसाला त्याची जाणीवही उरणार नाहीं, असें भाकीत केलें. त्याच लेखांत, जें शेंकडो यंत्रांना ठाऊक होईल तें खासगी कसें राहावें, हीही चिंता त्यानें बोलून दाखविली होती. वायझर १९९९ मध्यें वारला. भाकिताचा पहिला भाग लोकांनीं उचलून धरला. दुसऱ्याची आठवण बऱ्याच उशिरां झाली.

आणि मग कथा पुन्हां त्याच भिंतीवरच्या वाटोळ्या यंत्रापाशीं आली. ॲपल कंपनीच्या ‘आयपॉड’वर काम केलेले टोनी फॅडेल यांच्या ‘नेस्ट’ संस्थेनें २०११ सालीं नव्या प्रकारचा तापनियंत्रक विकावयास काढला. घरांतील माणसें केव्हां येतात, केव्हां जातात, कोणत्या वेळीं त्यांना किती ऊब लागते, हें तो स्वतः शिके. दिसण्यांत तो ड्रायफसच्या यंत्राचाच नातू. फरक इतकाच कीं आजोबा भट्टीशीं बोलत, नातू इंटरनेटशीं बोलूं लागला. २०१४ च्या जानेवारींत गूगलनें ३२० कोटी डॉलर मोजून ही संस्था घेतली; नुसत्या झडपेच्या साखळीला इतका भाव कोणी दिला नसता. त्याच वर्षाच्या अखेरीस ॲमेझॉनचा ‘एको’ बाजारांत आला. हांक मारतांच जागा होणारा, आणि ऐकलेलें वाक्य दूरच्या यंत्रशाळेकडे पाठवून तेथून उत्तर आणणारा हा घरगडी होता. सदरलँडच्या ‘एको’शीं त्याचा नामसाम्यापलीकडे संबंध नाहीं. त्या पहिल्याचें सारें डोकें तळघरांत होतें, तर याचें डोकें कोठें आहे हें मालकाला माहीतही नसतें.

येथून पुढें आज्ञा मालकाकडून निघून आधीं घराबाहेर जाऊं लागली, आणि परक्याच्या यंत्रांतून फिरून मग समोरच्या दिव्यापर्यंत पोंचूं लागली. तीन हातांवरच्या दिव्यासाठीं हा केवढा वळसा! या वळशाचे परिणाम भराभर दिसूं लागले. २०१६ च्या जानेवारींत नेस्टच्या यंत्रांत दुरून केलेली एक दुरुस्ती चुकली, आणि कडाक्याच्या थंडींत कित्येक घरें गारठलीं. त्याच वर्षीं मे महिन्यांत, नेस्टनें पूर्वीं विकत घेतलेल्या ‘रिव्हॉल्व्ह’ नांवाच्या नियंत्रकाची सेवा कायमची थांबविण्यांत आली. सुमारें ३०० डॉलरांना घेतलेली, मोडतोड न झालेली ती वस्तु एका दिवसांत निरुपयोगी ठरली. विकत घेतलेलें भांडें कल्हई उडाली तरी भांडेंच राहतें, या समजुतीवर वाढलेल्या पिढ्यांना हा प्रकार समजावून सांगणें कठीण आहे. ऑक्टोबरच्या २१ तारखेस आणखी एक नवल घडलें. घरोघरच्या कॅमेऱ्यांवर कारखान्यानें घातलेले सोपे परवलीचे शब्द तसेच राहिले होते. ‘मिराई’ नांवाच्या एका उपद्रवी आज्ञावलीनें त्यांच्या जोरावर हजारों कॅमेरे वश केले आणि त्यांच्याकरवीं इंटरनेटच्या एका महत्त्वाच्या संस्थेवर असा भडिमार झाला कीं अमेरिकेंत अनेक नामांकित संकेतस्थळें कांहीं तास दिसेनाशीं झालीं. ज्यांचे कॅमेरे या हल्ल्यांत सामील झाले त्यांपैकीं बहुतेकांना त्याची कल्पनाही नव्हती.

वार्तेची कथा याहून गंभीर आहे. २०१५ सालीं अर्कान्सा राज्यांतील बेंटनव्हिल येथें एका घरीं मृत्यु घडला, आणि पोलिसांनीं त्या घरांतील ‘एको’चीं ध्वनिमुद्रणें मागितलीं. कंपनीनें प्रथम विरोध केला. २०१७ मध्यें आरोपीनें स्वतःच संमति दिल्यावर तीं देण्यांत आलीं, आणि त्याच वर्षीं आरोपही मागें घेतला गेला. परंतु त्या रात्रीं त्या घरांत किती पाणी वापरलें गेलें, याची साक्ष पाण्याच्या नव्या मीटरनें आधींच दिलेली होती. भिंतीला कान असतात हें आपल्याकडे कुजबुजून सांगण्याचें वाक्य. येथें नळानेंही तोंड उघडलें. २०१९ सालीं असें उघड झालें कीं ‘एको’नें टिपलेल्या बोलण्याचे कांहीं तुकडे कंपनीचे नोकर, यंत्राचें ज्ञान सुधारण्यासाठीं, बसून ऐकत असत.

तथापि घराची वार्ता केवळ कंपनीला कळते असें समजणें भाबडेपणाचें होईल. २०१८ मध्यें न्यूयॉर्क टाइम्सनें कौटुंबिक छळाच्या बळींना मदत करणाऱ्या कार्यकर्त्यांकडून माहिती घेऊन जें वृत्त छापलें, तें वाचून अनेकांची झोंप उडाली. स्त्रियांनीं घर न सोडतांही घर त्यांच्याविरुद्ध फिरलें होतें. विभक्त झालेला नवरा दुरून दिवे लावी, मध्यरात्रीं वाद्यें सुरू करी, ऐन उन्हाळ्यांत खोल्या थंड करणारें यंत्र बंद पाडी, दाराच्या कुलपाचा संकेत रोज बदली. हीं साधनें बहुतेक ठिकाणीं पुरुषानें आणलेलीं, त्यानें बसविलेलीं, आणि त्यांच्या किल्ल्या त्याच्या फोनमध्यें. कोठाराची यादी भरणारी रूथ आणि या स्त्रिया यांच्यामध्यें अर्ध्या शतकाचें अंतर आहे. यंत्र कोणाचें आणि घर कोणाचें, हा प्रश्न मात्र त्याच जागीं उभा होता. आपल्याकडील शहरांत दिवाणखान्यांत किंवा स्वयंपाकघरांत लावलेल्या कॅमेऱ्याची नजर ज्या मोलकरणीवर असते, तिच्या फोनमध्येंही त्या घराची किल्ली नसते; तिला कॅमेरा आहे एवढें सांगितलें जाईल तर पुष्कळ.

राज्यकर्ते या विषयाकडे उशिराच वळले. ब्रिटनमध्यें २९ एप्रिल २०२४ पासून, कारखान्यानें सर्व वस्तूंवर एकच सोपा परवलीचा शब्द घालून त्या विकणें बेकायदेशीर झालें, आणि वस्तूची दुरुस्ती किती काळपर्यंत केली जाईल हें आधीं सांगणें विक्रेत्यावर बंधनकारक झालें. भारतांत सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं २४ ऑगस्ट २०१७ रोजीं खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला. व्यक्तीच्या माहितीच्या रक्षणाचा कायदा २०२३ सालीं झाला.

मालकांनीं मात्र कायद्याची वाट न पाहतां एक निराळी खटपट आरंभली होती. एक्स-टेनचे संकेत समजणारी, म्हणून त्याच कुळांतली म्हणावी अशी ‘इन्स्टिऑन’ नांवाची पद्धति अमेरिकेंत पुष्कळ घरांतून होती. २०२२ च्या एप्रिलमध्यें तिची यंत्रशाळा कोणालाही न सांगतां बंद पडली, आणि फोनवरून दिलेल्या आज्ञा दिव्यांपर्यंत पोंचेनाशा झाल्या. दोन महिन्यांच्या आंत तीच साधनें वापरणाऱ्या कांहीं ग्राहकांनीं पैसे उभे करून ती संस्थाच विकत घेतली. दुसरा मार्ग २०१३ सालीं सुरू झालेल्या ‘होम असिस्टंट’चा. ही आज्ञावली कोणालाही विनामूल्य घेतां येते, आणि तिचें काम घराच्या आंतच चालतें. दिवा, पंखा, कुलूप यांच्या आज्ञा व वार्ता बाहेर कोठेंही न जातां घरांतल्याच एका गणकयंत्रापाशीं येतात. तें बसवितांना बरीच डोकेफोड करावी लागते, आणि बिघडलें तर दुरुस्त करण्यास यजमानाखेरीज कोणी नसतें. तरीही जगभर अनेक घरांत तें कपाटाच्या एखाद्या खणांत किंवा जिन्याखालीं ठेवलेलें आढळतें. सदरलँडच्या तळघरांतील चार कपाटांचें वजन साडेतीनशें किलोहून अधिक होतें. या कामाला पुरणारी ‘रास्पबेरी पाय’ नांवाची पाटी हाताच्या तळव्यावर मावते, आणि तिचें वजन पन्नास ग्रॅमच्या आसपास भरतें.